हैदराबादचे हवाई दलप्रमुख, महाराष्ट्राचे राज्यपाल : इद्रीस हसन लतीफ

महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या यादीत १९८० ते १९८५ या काळात एक गोष्ट ठळकपणे दिसते. लागोपाठ दोन राज्यपाल हवाई दलाचे निवृत्त प्रमुख होते. पहिले एअर चीफ मार्शल ओम प्रकाश मेहरा आणि त्यांच्यानंतर मार्च १९८२ मध्ये आलेले एअर चीफ मार्शल इद्रीस हसन लतीफ. यांतले लतीफ हे आपल्या हैदराबादचे. इथेच जन्मले, इथल्या निझाम कॉलेजात शिकले, जगभर फिरून पुन्हा इथेच परतले आणि ३० एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांचा प्रवास महाराष्ट्राकडून हैदराबादकडे झाला. लतीफ यांचा प्रवास नेमका उलट दिशेचा. म्हणूनच त्यांची ओळख आपल्या सभासदांना, विशेषतः मुलांना, असावी असे आम्हाला वाटते. ब्रिटिश अमदानीत वैमानिक झालेला हा अधिकारी स्वतंत्र भारताच्या हवाई दलाच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचला. त्या वाटेवर १९४७ साली त्यांना एक निर्णय घ्यावा लागला, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्यांचे पुढचे आयुष्य नीट उलगडत नाही.

हैदराबाद आणि ब्रिटिश हवाई दल

हैदराबादचे नाव ब्रिटिश हवाई दलाशी लतीफ यांच्या जन्माआधीच जोडले गेले होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, निझामाने ब्रिटिशांना विमानांसाठी देणगी दिली. त्या पैशांतून ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बॉम्बफेकी विमाने मिळाली आणि त्या स्क्वाड्रनच्या नावात ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा आला. दुसऱ्या महायुद्धात आणखी दोन स्क्वाड्रनना, १५२ आणि २५३ यांना, हैदराबादचे नाव मिळाले. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी जी मोठी लढाई झाली, तीत या दोन्ही स्क्वाड्रन लढल्या.

निझामाची तिजोरी मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातील रयतेच्या शेतसाऱ्यावर भरत असे. म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद इथल्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या घामाचा काही हिस्सा लंडनवर घिरट्या घालणाऱ्या त्या विमानांतही होता, असे म्हणायला हरकत नाही. त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

अठराव्या वर्षी वैमानिक

इद्रीस लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ चा. त्यांच्या लहानपणी भारतीय हवाई दल नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. ते दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले. पहिल्या मोजक्या भारतीय अधिकाऱ्यांना इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकवून आणले गेले आणि १९३३ मध्ये कराचीला चार ‘वापिटी’ विमानांवर पहिल्या स्क्वाड्रनचा श्रीगणेशा झाला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि वैमानिकांची गरज एकदम वाढली. लतीफ १९४१ साली, अठराव्या वर्षी, हवाई दलात भरती झाले. अंबाल्याला प्रशिक्षण घेऊन १९४२ च्या सुरुवातीला ते अधिकारी झाले. त्यांची पहिली नेमणूक कराचीला, किनारा संरक्षणाच्या तुकडीत झाली. अरबी समुद्रावर उडत राहायचे, पाणबुड्या दिसतात का ते पाहायचे आणि आपल्या व्यापारी जहाजांवर नजर ठेवायची, असे ते काम. विमाने होती ‘वापिटी’, ‘ऑडॅक्स’ आणि ‘हार्ट’. पंखांचे दोन थर, वरून उघडी बसायची जागा, सांगाड्यावर ताणून बसवलेले कापड. खाली अथांग समुद्र आणि वर एक इंजिन. हे इंजिन बंद पडले तर काय, हा प्रश्न त्या पोरसवदा वैमानिकांच्या मनात रोज येत असणार.

१९४३-४४ मध्ये मोजक्या भारतीय वैमानिकांना ब्रिटनमध्ये ‘रॉयल एअर फोर्स’बरोबर काम करण्यासाठी पाठवले गेले. लतीफ त्यांपैकी एक होते. तिथे त्यांनी ‘हरिकेन’ आणि ‘स्पिटफायर’ ही त्या काळची नावाजलेली लढाऊ विमाने चालवली. परतल्यावर ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानविरुद्धच्या मोहिमेत उतरले. युद्ध संपल्यावर ८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयसंचलन झाले, त्यासाठी गेलेल्या भारतीय पथकातही ते होते. दुसऱ्या दिवशी त्यांना तेविसावे वर्ष पूर्ण झाले.

याच सुमारास दलाचे नाव बदलले होते. युद्धातील कामगिरीबद्दल मार्च १९४५ मध्ये ‘भारतीय हवाई दल’ हे ‘रॉयल भारतीय हवाई दल’ झाले. १९५० साली देश प्रजासत्ताक झाल्यावर ‘रॉयल’ हा शब्द गळाला. पदांची नावे मात्र ब्रिटिश धाटणीचीच राहिली.

पदांची शिडी

मुलांना ही नावे सिनेमात ऐकू येतात, पण कोण मोठा आणि कोण धाकटा याचा गोंधळ होतो. हवाई दलातील अधिकारी आज फ्लाइंग ऑफिसर म्हणून सुरुवात करतो. पूर्वी त्याच्याही खाली पायलट ऑफिसर हे पद होते. त्यानंतर फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन आणि एअर कमोडोर. तिथून पुढे एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि सर्वांत वर एअर चीफ मार्शल. शेवटचे पद एका वेळी एकाच सेवारत अधिकाऱ्याकडे, म्हणजे हवाई दलप्रमुखाकडे असते. १९६६ साली अर्जन सिंग यांच्यापासून दलप्रमुखाला हा दर्जा मिळाला. पुढे २००२ मध्ये अर्जन सिंग यांना त्याहून वरचा, ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ हा सन्मान देण्यात आला. तो आजवर फक्त त्यांनाच मिळाला आहे.

लतीफ ही सगळी शिडी एकेक पायरी करत चढले. पण १९४७ मध्ये ते अजून खालच्या पायऱ्यांवर होते, आणि तेव्हाच शिडीचे दोन तुकडे झाले.

‘इकडे की तिकडे?’

फाळणीत जमीन वाटली गेली तशीच फौजही वाटली गेली. विमाने, दारूगोळा, कार्यशाळा, अगदी टंकलेखन यंत्रेसुद्धा. माणसांसाठी नियम असा होता की, भारतात राहणाऱ्या प्रदेशातील मुस्लिम अधिकाऱ्याने भारत किंवा पाकिस्तान यांपैकी एक दल निवडावे. नव्या देशाच्या नव्या दलात वरची पदे रिकामी होती. अनुभवी वैमानिकाला तिथे झपाट्याने बढती मिळणार, हे उघड होते.

लतीफ यांचे सहकारी असगर खान आणि नूर खान यांनी पाकिस्तानची वाट धरली. दोघेही पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफ यांना आपल्याबरोबर येण्याचा आग्रह केला. लतीफ यांनी नकार दिला. धर्म ही एक गोष्ट आणि देश ही दुसरी, या दोहोंची गाठ आपण घालत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते भारतीय हवाई दलातच राहिले.

ही हकीकत त्यांच्याविषयी लिहिताना नेहमी सांगितली जाते. पण हैदराबादकरांनी तिच्यातला आणखी एक पदर लक्षात घ्यायला हवा. ऑगस्ट १९४७ मध्ये लतीफ यांचे स्वतःचे गाव भारतातही नव्हते आणि पाकिस्तानातही नव्हते. निझामाने दोन्हींत सामील व्हायला नकार दिला होता. दिल्लीत तिरंगा फडकला त्या दिवशी हैदराबादेत, आणि त्याबरोबर संपूर्ण मराठवाड्यात, तो फडकवणे गुन्हा ठरत होता. लतीफ यांच्यासमोर खरे तर तीन दिशा होत्या : मित्र बोलावत होते तो देश, जन्म दिला ते संस्थान आणि ज्याचा गणवेश अंगावर होता तो भारत. त्यांनी गणवेशाशी इमान राखले. संस्थानाचा निकाल लागायला त्यानंतर तेरा महिने जावे लागले.

ते तेरा महिने कसे होते, हे आपल्या घरांतील जुन्या पिढीने सांगितले आहे. रझाकारांचा जाच, रातोरात सोडलेली गावे, सरहद्दीपलीकडच्या छावण्या, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली. तो दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. त्याच दिवसांत आणि नंतरच्या काही आठवड्यांत अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांनाही जीव आणि घरदार गमवावे लागले. ही बाजूही खरी आहे आणि ती आपण बोलताना गाळू नये.

लतीफ यांचे आयुष्य इथे उपयोगी पडते. त्या काळाची गोष्ट ‘ते’ आणि ‘आपण’ अशा दोनच रकान्यांत मांडायची सवय आपल्याला लागली आहे. हैदराबादचा एक मुसलमान तरुण, संस्थान विलीन होण्याच्या तेरा महिने आधी, कोणाच्या जबरदस्तीशिवाय भारताच्या बाजूने उभा राहतो, ही घटना त्या दोन रकान्यांत बसत नाही. जे बसत नाही तेच मुलांना आवर्जून सांगायला हवे.

प्रजासत्ताकाच्या आकाशात

स्वातंत्र्य मिळाले तरी हवाई दलाचे प्रमुख काही वर्षे ब्रिटिशच होते. एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज असे तिघे एकामागून एक त्या पदावर होते. अनुभवी भारतीय अधिकारी वयाने आणि सेवेने अजून लहान होते, म्हणून ही तात्पुरती सोय केलेली होती. १९५४ मध्ये सुब्रतो मुखर्जी प्रमुख झाले आणि सूत्रे भारतीय हातांत आली.

या मधल्या काळात, २६ जानेवारी १९५० रोजी, देश प्रजासत्ताक झाला. त्या पहिल्या प्रजासत्ताक दिनी राजधानीवरून हवाई दलाच्या विमानांनी मानवंदना दिली. तिचे नेतृत्व स्क्वाड्रन लीडर लतीफ यांच्याकडे होते. आज आपण दूरचित्रवाणीवर जे संचलन पाहतो, त्यातल्या विमानांच्या रांगेची सुरुवात एका हैदराबादकराने करून दिली आहे.

पुढची तीस वर्षे त्यांनी लढाऊ तुकड्या, मुख्यालय आणि परदेश अशा सगळ्या ठिकाणी काम केले. साठच्या दशकात ते वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासात हवाई दलाचे प्रतिनिधी होते. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते दिल्लीच्या मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी सांभाळत होते. दलाला पुढे कोणती विमाने लागतील, किती लागतील आणि कधी लागतील याचा हिशेब मांडणे हे ते काम. ते वर्तमानपत्रांत झळकत नाही. पण युद्धाच्या दिवशी उडणारे विमान आठ-दहा वर्षे आधी कोणीतरी कागदावर निवडलेले असते, हे विसरता येत नाही.

मराठी प्रमुखाकडून हैदराबादी प्रमुखाकडे

१९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख एक मराठी अधिकारी होते, एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले होते. १९७८ च्या ऑगस्टअखेर मुळगावकर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी लतीफ आले. भारताच्या तिन्ही दलांपैकी एखाद्या दलाचे प्रमुख होणारे ते पहिले मुस्लिम अधिकारी. परम विशिष्ट सेवा पदकानेही त्यांचा गौरव झाला होता.

त्यांची तीन वर्षे दलाच्या नूतनीकरणाची होती. शत्रूच्या मुलखात खोलवर, जमिनीलगत उडत जाऊन मारा करू शकेल असे विमान आपल्याला बरीच वर्षे हवे होते. ‘कॅनबेरा’ आणि ‘हंटर’ ही विमाने आता जुनी झाली होती. अनेक पर्यायांची चाचपणी होऊन ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बनवलेले ‘जॅग्वार’ निवडले गेले. ऑक्टोबर १९७८ मध्ये करार झाला, जुलै १९७९ मध्ये पहिली विमाने भारतात उतरली आणि अंबाल्याच्या १४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेली. ज्या अंबाल्यात लतीफ विमान चालवायला शिकले, तिथेच त्यांच्या काळातले सर्वांत महत्त्वाचे विमान दाखल झाले. पुढची ‘जॅग्वार’ विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या बंगळूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली.

सोव्हिएत रशियाकडून ‘मिग-२३’ आणि ‘मिग-२५’ घेण्याचे निर्णयही याच काळातले. ‘मिग-२५’ हे टेहळणीचे विमान. ध्वनीच्या अडीचपट वेगाहून जास्त आणि प्रवासी विमानांच्या दुपटीने उंच उडत ते खालच्या प्रदेशाची छायाचित्रे काढत असे. १९८१ मध्ये ते बरेलीच्या १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आले आणि २००६ पर्यंत सेवेत राहिले.

कापडाच्या ‘वापिटी’वर अरबी समुद्र पालथा घालणाऱ्या तरुणाने निवृत्तीच्या वेळी आपल्या दलाच्या हाती ‘मिग-२५’ ठेवले. चाळीस वर्षांच्या एका नोकरीत विमानाचे एवढे स्थित्यंतर पाहायला मिळालेली ती पिढी होती.

मलबार हिलवरचे हैदराबादी घर

ऑगस्ट १९८१ मध्ये लतीफ निवृत्त झाले आणि सहा-सात महिन्यांतच मुंबईच्या राजभवनात आले. त्या राजभवनाशी त्यांचे नाते आधीपासूनचे होते. त्यांच्या पत्नी बिल्कीस या नवाब अली यावर जंग यांच्या कन्या. अली यावर जंग हे उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, इजिप्त, फ्रान्स आणि अमेरिका इथे भारताचे राजदूत आणि १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल. डिसेंबर १९७६ मध्ये पदावर असतानाच मुंबईत त्यांचे निधन झाले. वांद्र्याची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सासऱ्यांनी जे पद भूषवले, त्याच पदावर सुमारे पाच वर्षांनी जावई आले, आणि दोघेही हैदराबादचे.

तो काळ महाराष्ट्रासाठी सोपा नव्हता. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि लाखो कामगारांच्या चुली विझत चालल्या होत्या. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते, फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील आले. मे १९८४ मध्ये भिवंडी आणि मुंबईत भीषण दंगली झाल्या. राज्यपाल हे घटनात्मक पद आहे. सरकार चालवणे मंत्रिमंडळाचे काम, राज्यपालाने राज्यघटनेची चौकट सांभाळायची. शिस्तीत वाढलेल्या सैनिकाला ही मर्यादा नवी नसते.

बिल्कीस लतीफ यांचे कामही सांगायला हवे. मुंबईत असताना त्यांनी धारावीच्या झोपडपट्टीत स्त्रिया आणि मुलांसाठी काम केले. त्या लेखिकाही होत्या. आंध्र-हैदराबादच्या स्वयंपाकावरचे त्यांचे पुस्तक आणि पतीचे चरित्र त्यांच्या नावावर आहे. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पतीच्या निधनाच्या काही महिने आधी, २०१७ मध्ये त्या गेल्या.

एप्रिल १९८५ मध्ये लतीफ यांचा राज्यपालपदाचा काळ संपला. नंतर १९८८ पर्यंत ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत होते आणि तेथून ते हैदराबादला परतले. पुढची तीस वर्षे ते याच शहरात राहिले.

आपल्या अगदी जवळ

कुकटपल्लीत राहणाऱ्यांना हवाई दल परके नाही. निजामपेट, बाचुपल्ली ओलांडून गंडिमैसम्माच्या पुढे गेले की दुंडिगलची हवाई दल अकादमी लागते. देशभरातून निवडलेली मुले-मुली तिथे अधिकारी होतात आणि दर वर्षी साधारण जून आणि डिसेंबरमध्ये त्यांचे दीक्षान्त संचलन होते. हकीमपेटचा तळही फार लांब नाही. बेगमपेटच्या धावपट्टीवर महायुद्धाच्या काळात वैमानिकांचे प्राथमिक प्रशिक्षण चालत असे. २००८ मध्ये शमशाबाद सुरू होईपर्यंत आपण सगळे मुंबई-पुण्याला जाताना तिथूनच उडत होतो. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना वरून प्रशिक्षणाचे विमान जाते, तेव्हा त्यात बसलेला विद्यार्थी लतीफ भरती झाले त्याच वयाच्या आसपासचा असतो.

दर वर्षी १७ सप्टेंबर आणि ८ ऑक्टोबर हे दोन दिवस तीन आठवड्यांच्या अंतराने येतात. पहिला मुक्तिसंग्रामाचा, दुसरा हवाई दलाचा. पहिल्या दिवशी आपण स्वामीजींचे आणि आपापल्या गावच्या सत्याग्रहींचे स्मरण करतोच. त्याच बैठकीत पाच मिनिटे काढून मुलांना इद्रीस लतीफ यांचीही गोष्ट सांगावी, अशी आमची सुचवण आहे. ज्यांच्या घरी १९४७-४८ च्या आठवणी सांगणारे आजी-आजोबा अजून आहेत, त्यांनी त्या लिहून घ्याव्यात आणि मंडळाकडे द्याव्यात. शेजारच्या मुस्लिम कुटुंबाने कोणाला आसरा दिला, कोणी कोणाला वाचवले, कोणाचे काय हरवले, हे सगळे त्यात यावे. ती माणसे आता थोडीच उरली आहेत.